केरबानं राखलेली रोमन नाणी

एका नदीकाठच्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. 'भोळा' हा गावाचा सभ्यपणा. खरा शब्द त्याची बायको वापरायची.

केरबा उपळेकर मास्तरांकडे कामाला होता. मास्तरांना वेड रोमन नाण्यांचं. फार पूर्वी रोमचे व्यापारी या भागात माल घ्यायला येत, त्यांची नाणी गावामागच्या टेकाडात अजून सापडत. नाण्यावरच्या राजाचं नाक बघून मास्तर त्याचं नाव सांगत. शेजाऱ्याचं नाव मात्र त्यांना आठवत नसे.

एकदा केरबाला टेकाडावर चांदीचं नाणं मिळालं. त्यानं ते राखेनं आणि चिंचेनं घासलं. आरशासारखं लखलखीत केलं.

"अरे, यावरचा राजा कुठं गेला?" मास्तर किंचाळले.

"राजा व्हय तो? मला वाटलं मळ हाय."

मास्तरांनी कपाळ बडवलं. "गाढवा, जुनी वस्तू कधी धुवायची नसते! मातीसकट उचलायची, कापसात गुंडाळायची आणि हळूच घरी आणायची."

"बरं," केरबा म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात मास्तरांचे सासरे आले. एसटीतून उतरताना ते चिखलात आडवे झाले. त्यांना आणायला केरबा गेला होता. म्हातारा पाणी मागत होता, पण केरबानं त्याला नळाकडे फिरकू दिलं नाही. "आजोबा, तुमी जुनं हाय," एवढंच म्हणाला. त्यांच्याच वळकटीतली उशी फाडली, कापूस चिखलावर थापला आणि गावातून हळूहळू मिरवत आणलं. दारात मास्तरीणबाईंनी आपल्या बापाला ओळखलंच नाही.

"अरे, पाहुणा आहे तो!" मास्तर ओरडले. "पाहुणा आला की गावाला हाक मारावी, ओळख करून द्यावी, घरोघर चहाला पाठवावं!"

"आधी सांगायचं की," केरबा म्हणाला.

मग त्याला टेकाडावर मडकंच सापडलं. आत चांदीची नाणी, गच्च. मास्तर जन्मभर ज्याची वाट बघत होते, तेच. केरबानं एक नाणं उन्हात धरलं. नाक ओळखीचं होतं, मास्तर नेहमी दाखवायचे तेच. हा रोमचा तिबेरियस, म्हणजे परगावचा पाहुणा. त्यानं चावडीवर उभं राहून गाव गोळा केलं.

"हे तिबेरियसराव. लांबून आल्यात. घरी न्या, चहा पाजा."

गाव मोठं अगत्यशील. ज्यानं त्यानं मूठभर पाहुणे घरी नेले. एकही परत आला नाही.

मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. मग केरबाला समोर बसवून म्हणाले, "नीट ऐक. पुन्हा काही सापडलं, तर वर फळी टाकायची, माती लोटायची आणि त्यावर बसायचं. कुणी कितीही मोठा आला तरी सांगायचं, इथं काही नाही, कधीच नव्हतं."

"आता चुकणार न्हाई," केरबा म्हणाला. आणि खरंच चुकला नाही.

मास्तरांच्या विनवण्यांना दाद देऊन शेवटी शहरातल्या संग्रहालयाचे साहेब टेकाड बघायला निघाले. इथं काही निघालं तर संग्रहालयात मास्तरांच्या नावाची पाटी लागणार होती. त्या सकाळी मास्तर स्वतः शिडी लावून टेकाडावर खणलेल्या खड्ड्यात उतरले. जरा उकरलं, आणि खालून आरोळी आली, "केरबा! सापडलं रे! सोन्याचं!"

केरबानं झटकन शिडी वर ओढली. फळी टाकली, माती लोटली आणि वर मांडी घालून बसला. तेवढ्यात जीप आली.

"मास्तर कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"इथं न्हाईत."

"आणि रोमन नाणी?"

"कधीच नव्हती."

खालून धपाधप आवाज आणि हाका आल्या. साहेब दचकले, "हे काय आहे?"

"घूस."

"घूस 'साहेब, साहेब' म्हणते?"

"मास्तरांनी शिकवलीय."

साहेबांनी घड्याळात बघितलं. जेवायची वेळ झाली होती, त्यामुळे त्यांना ते पटलं. या गावात पाहण्यासारखं काही नाही, असा निर्वाळा देऊन ते जीपमध्ये बसले.

धुरळा बसल्यावर केरबानं फळी उचलली. खाली मास्तर सोन्याचं नाणं छातीशी धरून उभे होते.

"या वर, मास्तर," केरबा हात देत म्हणाला. "साहेबाला अगदी पटवून दिलं. आता जन्मात परत यायचा न्हाई!"