पाणमांजरांना पोहता येईना!

एका नदीत होता एक हिरवा हिरवा डोह. डोहाच्या काठाला होतं एक बीळ. बिळात राहायची पाणमांजराची आई आणि तिची दोन पिल्लं. बहिणीचं नाव इवली. भावाचं नाव टिवल्या.

पाणमांजर ठाऊक आहे ना? मऊ मऊ अंग. लांब लांब शेपटी. नदीत राहतं, मासे खातं आणि सुळसुळ सुळसुळ पोहतं.

पण इवली पोहत नव्हती. टिवल्याही पोहत नव्हता. अजून लहान होती ना दोघं! पाण्याला पाय लागला की इवली म्हणायची, "बाई गं!" टिवल्या म्हणायचा, "मी पण बाई गं!"

एकदा आईनं एक भोपळा आणला. सुका, हलका, गोल. आई म्हणाली, "हा पोटाशी धरायचा. दोघांनी मिळून धरायचा. म्हणजे कुणी बुडत नाही. मी मासा घेऊन येते, मग आपण शिकू."

आई गेली. सुळसुळ सुळसुळ.

इवली म्हणाली, "भोपळा माझा!"

टिवल्या म्हणाला, "भोपळा माझा!"

इवलीनं इकडे ओढला. टिवल्यानं तिकडे ओढला. सटक! भोपळा सुटला. डुबुक! पाण्यात पडला. डुगुडुगु डुगुडुगु लांब गेला, आणि लव्हाळ्यात अडकला. लव्हाळं म्हणजे पाण्यातलं उंच उंच गवत.

"अबब!" म्हणाली इवली.

"अबब!" म्हणाला टिवल्या.

आता काय करायचं? दोघं काठाकाठानं निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"लव्हाळ्या, लव्हाळ्या, भोपळा सोड ना!"

लव्हाळं म्हणालं, "पोहत या आणि घेऊन जा."

इवली म्हणाली, "भोपळा सुटेना, आम्हाला पोहता येईना!"

लव्हाळ्याचा शेंडा ताठ झाला. "अबब! पाणमांजराची पिल्लं, आणि पोहता येत नाही?"

"आम्ही लहान आहोत," इवली म्हणाली.

"मी पण लहान आहे," टिवल्या म्हणाला.

लव्हाळं म्हणालं, "मी नाही हलणार! म्हैस बसलीय माझ्या पायावर. म्हैस उठेल, तर मी हलेन."

दोघं निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. चिखलात बसली होती काळी काळी म्हैस. रवंथ करत होती. करम्‌ करम्‌.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना!"

"का गं?"

"लव्हाळं हलेना, भोपळा सुटेना, आम्हाला पोहता येईना!"

म्हशीचा रवंथ थांबला. तोंड उघडंच राहिलं. "अबब! पाणमांजराची पिल्लं, आणि पोहता येत नाही?"

"आम्ही लहान आहोत."

"मी पण लहान आहे."

म्हैस म्हणाली, "मी नाही उठणार! अंगाला गोचिडी चावतात. चिखलात बसलं की बरं वाटतं. बगळा गोचिडी टिपेल, तर मी उठेन."

दोघं निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. काठावर उभा होता पांढरा पांढरा बगळा.

"बगळेदादा, बगळेदादा, गोचिडी टिप ना!"

"का गं?"

"म्हैस उठेना, लव्हाळं हलेना, भोपळा सुटेना, आम्हाला पोहता येईना!"

बगळ्याची मान वर गेली. आणखी वर गेली. "अबब! पाणमांजराची पिल्लं, आणि पोहता येत नाही?"

"आम्ही लहान आहोत."

"मी पण लहान आहे."

बगळा म्हणाला, "मी नाही टिपणार! माझा पाय धरलाय खेकड्यानं. एका पायानं म्हशीवर चढू कसा? खेकडा सोडेल, तर मी टिपेन."

इवली खाली वाकली. टिवल्या खाली वाकला. बगळ्याच्या पायाशी होता तांबडा तांबडा खेकडा.

"खेकडेदादा, खेकडेदादा, पाय सोड ना!"

"का गं?"

"बगळा टिपेना, म्हैस उठेना, लव्हाळं हलेना, भोपळा सुटेना, आम्हाला पोहता येईना!"

खेकड्याचे डोळे टुणकन बाहेर आले. "अबब! पाणमांजराची पिल्लं, आणि पोहता येत नाही?"

"आम्ही लहान आहोत."

"मी पण लहान आहे."

खेकडा म्हणाला, "मी नाही सोडणार! माझ्या बिळावर कासव बसलंय. घर नाही, दार नाही, एकट्याला भीती वाटते. म्हणून मी याचा पाय धरलाय. कासव सरकेल, तर मी सोडेन."

"एकट्याला भीती वाटते," टिवल्या हळूच म्हणाला आणि त्यानं ताईची शेपटी धरली.

दोघं निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. जांभळाच्या झाडाखाली, दाट दाट सावलीत, बसलं होतं म्हातारं कासव.

"कासवआजोबा, कासवआजोबा, सरका ना!"

"का गं?"

"खेकडा सोडेना, बगळा टिपेना, म्हैस उठेना, लव्हाळं हलेना, भोपळा सुटेना, आम्हाला पोहता येईना!"

कासवाची मान गुडुप! आत गेली. आतून आवाज आला, "अबब! पाणमांजराची पिल्लं, आणि पोहता येत नाही?"

"आम्ही लहान आहोत."

"मी पण लहान आहे."

कासव म्हणालं, "मी नाही सरकणार! थंडीनं पाय आखडलेत. ऊन लागेल, तर पाय चालतील. पण वरती बघा. फांदीवर वानर बसलंय. फांदी खाली वाकलीय. ऊन अडलंय. वानर उठेल, तर मी सरकेन."

इवलीनं वर पाहिलं. टिवल्यानं वर पाहिलं. फांदीवर बसलं होतं लठ्ठ लठ्ठ वानर. डोळे मिटून घोरत होतं. घुर्र घुर्र.

"वानरकाका, वानरकाका, उठा ना!"

वानरानं एक डोळा उघडला. "का गं?"

इवलीनं मोठ्ठा श्वास घेतला. टिवल्यानं पण घेतला. दोघं मिळून ओरडली,

"कासव सरकेना, खेकडा सोडेना, बगळा टिपेना, म्हैस उठेना, लव्हाळं हलेना, भोपळा सुटेना, आम्हाला पोहता येईना!"

वानरानं दुसरा डोळा उघडला. "काय? पाणमांजराची पिल्लं, आणि पोहता येत नाही? अबब!"

वानराला एवढं नवल वाटलं, एवढं नवल वाटलं, की त्यानं दोन्ही हात गालावर ठेवले. हात ठेवले गालावर, मग फांदी धरायची कशानं?

धप्प! वानर पडलं पाल्याच्या ढिगात.

सर्र! फांदी गेली वर.

लख्ख! ऊन आलं खाली.

कासवाचे पाय तापले. कासव सरकलं.

बीळ मोकळं झालं. खेकड्यानं पाय सोडला. तिरकातिरका पळाला घरात.

बगळा उडाला. म्हशीवर बसला. टिप टिप टिप! गोचिडी टिपल्या.

"हुश्श!" म्हैस उठली.

सळसळ सळसळ! लव्हाळं हललं.

सुळ्ळकन भोपळा सुटला!

"आला! आला!" इवली नाचली. "आला! आला!" टिवल्या नाचला. डुगुडुगु डुगुडुगु भोपळा काठाशी आला. टिवल्यानं हात लांब केला. आणखी लांब केला. आणखी...

डुबुक! टिवल्या पाण्यात!

"टिवल्या!" इवली किंचाळली. पाणी गार होतं. पाणी खोल होतं. इवलीला पाण्याची भीती वाटायची. पण इवलीला तेव्हा भीतीबिती काही आठवलंच नाही.

डुबुक! इवली पाण्यात!

आणि भोपळा? भोपळा गेला पुढे, पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीच्या शिंगाला लागला, आणि फट्ट! फुटला.

"अबब!" म्हणाली म्हैस. "अबब!" म्हणाला बगळा. "अबब!" म्हणालं वानर. खेकडा बिळातून डोकावला. कासवाची मान बाहेर आली. आता भोपळा नाही. आता पोटाशी काय धरायचं?

इवलीनं टिवल्याचा हात धरला. टिवल्यानं इवलीचा हात धरला.

गुडगुड! टिवल्या खाली गेला. इवलीनं खालून पाठ लावली. टिवल्या वर आला.

"पाय हलव, टिवल्या!"

"तू पण हलव, ताई!"

छप छप, छप छप.

गुडगुड! इवलीच्या नाकात पाणी गेलं. इवली रडायला लागली. तेवढ्यात टिवल्यानं तोंडातून बुडबुडे काढले. बुडुक बुडुक बुडुक! इवलीला हसू आलं. हसता हसता रडणं थांबलं.

"ताई, शेपटी हलव! हे बघ, अशी!"

इवलीनं शेपटी हलवली. इकडे. तिकडे. आणि काय नवल! इवली पुढे गेली!

"मी पण!" टिवल्यानं शेपटी हलवली. टिवल्या पण पुढे गेला.

छप छप, छप छप. मग सुळ सुळ. मग सुळसुळ सुळसुळ! दमली की दोघं उताणी पडायची. हातात हात धरून तरंगायची. एक दमलं की दुसरं ओढायचं.

तेवढ्यात आई आली. आईच्या तोंडात मासा होता. आईनं पाहिलं. डोळे पुसून पुन्हा पाहिलं. आईचं तोंड उघडलं. आ!

टप्प! मासा पाण्यात पडला. पळाला!

"ताई, तू तिकडून!"

"टिवल्या, तू इकडून!"

मासा तिकडे गेला, तिकडे इवली. मासा इकडे आला, इकडे टिवल्या. मासा गोल फिरला. दोघं गोल फिरली.

गप्प! डोकं इवलीच्या तोंडात. शेपूट टिवल्याच्या तोंडात.

या वेळी कुणी ओढाओढ केली नाही. दोघांनी मिळून मासा काठावर आणला आणि आईच्या पुढ्यात ठेवला.

आईनं दोघांना जवळ घेतलं. ओली ओली अंगं चाटली. मग विचारलं, "पोहायला शिकवलं कुणी गं तुम्हाला?"

इवली म्हणाली, "यानं!"

टिवल्या म्हणाला, "हिनं!"

आईनं इवलीकडे पाहिलं. आईनं टिवल्याकडे पाहिलं.

"अबब!" म्हणाली आई.

गोष्टीनं मारली डोहात बुडी,
बाळानं मारावी मांडीत उडी!