पाट कोणी फोडला?

"आप्पा, तिच्या चुलीनं खरंच काही बिघडलं का हो?"

डॉ. विभावरी खैरनार यांच्या आवाजात आज जरब नव्हती. एरवी असायची. समाजशास्त्राच्या प्राध्यापक, परिषदा गाजवणाऱ्या, आणि 'मानवयुग' या विषयावर चारशे पानांचा ग्रंथ लिहून बसलेल्या. सोमवारी तो छापायला जाणार होता.

मानवयुग म्हणजे काय, तर माणसानं पृथ्वीची हवा, पाणी, दगडमाती इतकी बदलली की या काळाला आता माणसाचंच नाव द्यावं, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं. बाईंना ते इतकं भावलं होतं की चहात साखर किती हे विचारलं तरी त्या मानवयुगावर घसरायच्या.

दगाजी आप्पा बंधाऱ्यावर पाय सोडून बसले होते. चाळीस वर्षं गावाच्या पाटाची राखण केलेला म्हातारा. शाळा दुसरीपर्यंत, पण पाण्यावरून तंटा झाला की अख्खं गाव त्यांच्यापुढे येऊन बसायचं. ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणासाठी बाई चार दिवस त्यांच्याकडे येत होत्या. शिकायला म्हणून यायच्या आणि स्वतःच बोलून जायच्या.

"कोणाची चूल?" आप्पांनी विचारलं.

"गेंदाबाईची."

गेंदाबाई मजुरीवर जगणारी. काल शाळेत बाईंचं भाषण झालं तेव्हा ती अगदी पुढे बसली होती. 'ही पृथ्वी माणसानं बिघडवली, आपण सगळे गुन्हेगार आहोत,' असं बाईंनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. आज सकाळी त्या तिच्या दारावरून गेल्या, तर चूल थंड. नातवंडं कोरडे मुरमुरे चावत बसलेली.

"मॅडम, माझ्या धुरानं पाऊस फिरला... मला काय माहीत होतं हो!" असं म्हणून तिनं पदर डोळ्यांना लावला.

बाईंच्या डोक्यात चारशे पानं होती, पण तिला सांगावं असं त्यांत काहीच सापडेना.

"अस्सं!" आप्पा म्हणाले. "तरीच सकाळपासून माझी भाकर आली नाही."

"आप्पा, थट्टा नको. सांगा ना!"

आप्पांनी फावडं खांद्यावर टाकलं.

"खालच्या रानांना पाणी कमी पडतंय. चल."

"पण माझा प्रश्न..."

"चपला काढ."

दोघं पाटात उतरले. पाणी घोट्यापर्यंत. आप्पा प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला निघाले.

"वर कशाला, आप्पा? कमी तर खाली पडलंय."

"म्हणून तर वर."

बाई मागोमाग निघाल्या. म्हाताऱ्याच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता.

"हे मानवयुग तुला कुठं भेटलं?" चालता चालता आप्पांनी विचारलं.

"परदेशात. परिषद होती."

"कशी गेलीस?"

"विमानानं."

"कितीदा?"

"...असेल सहा-सातदा."

"गेंदाबाई होती बरोबर?"

...

थोडं पुढे गेल्यावर पाणी एकाएकी पोटरीला लागलं. आप्पा थांबले, चार पावलं मागे आले आणि काठावर टाकलेल्या बाभळीच्या फांद्या त्यांनी बाजूला ओढल्या.

पाटाचा काठ फोडलेला होता. हातभर रुंद, ताजा, कुदळीचे घाव स्पष्ट दिसणारा. पाणी गपागप पलीकडच्या उसात चाललं होतं.

"अगं बाई! हे कोणी केलं?"

"माणसानं."

"ते दिसतंय हो. पण कोणी?"

"माणसानंच की. आपण सगळ्यांनी."

बाई तडकल्या. "सगळ्यांनी कसं, आप्पा? असं कसं बोलता तुम्ही? ऊस कोणाचा आहे? पाणी कोणाच्या रानात चाललंय? नाव सांगा त्याचं! उगीच सगळ्या गावावर का..."

आणि त्यांची जीभ जागच्या जागी थांबली.

...

आप्पा हसले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत होते.

बाई काठावर चिखलातच बसल्या. लाज वाटत होती, भारी लाज वाटत होती. मग कुठून कोण जाणे, हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर त्या हसल्या.

"चारशे पानं, आप्पा! पानोपानी 'माणूस, माणूस'... आणि एकाचंही नाव नाही."

आप्पांनी तंबाखू मळली.

"मग सगळं खोडून टाकू, आप्पा?"

"पाट फुटलाय, हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग खोडतेस काय?"

बाईंनी विचारलं, "गेंदाबाईवर मग काहीच जबाबदारी नाही?"

"चैत्रात पाटाचा गाळ काढतो आम्ही. ज्याचं रान जेवढं, तेवढे हात त्यानं द्यायचे. तिला रानच नाही."

"आणि ज्यानं हे फोडलं तो?"

"संध्याकाळी पंच बसतील. नाव तिथं घेईन, त्याच्या तोंडावर."

"आणि... माझ्यावर?"

आप्पांनी खांद्यावरचं फावडं काढून त्यांच्या हातात दिलं.

बाईंनी आयुष्यात फावडं धरलं नव्हतं. पहिली दोन ढेकळं वाहून गेली, तिसऱ्याला साडी चिखलानं माखली. आप्पा काठावरून दगड सरकवून देत होते, पण फावड्याला त्यांनी हात लावला नाही. अर्ध्या तासानं भगदाड बुजलं. तळहाताला दोन फोड आले होते.

पाणी क्षणभर घुटमळलं आणि खाली निघालं, गावाकडे. बाईंचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी इतकं मोकळं वाटत होतं! सगळ्या जगाचं ओझं घेऊन हिंडत होत्या बिचाऱ्या. आता दोन फोड तेवढे दुखत होते.

"मी आधी गेंदाबाईकडे जाते," त्या चपला हातात घेऊन म्हणाल्या. "सांगते, चूल पेटव, पाट तुझ्या दारात नव्हता फुटला. आणि काल मी चुकले, हेही सांगते."

"ग्रंथाचं?"

"सोमवारी नाही जात तो. नावं लिहायची राहिलीत. पहिलं माझंच."

त्या चार पावलं गेल्या असतील नसतील, तोच मागून हाक आली.

"पोरी! दोन भाकरी जास्तीच्या टाकायला सांग तिला. आज माणसानं काम केलंय."