तुळस जिथे थांबते

वैद्य म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर शांत, हसतमुख, पांढऱ्या दाढीचा म्हातारा उभा राहतो. एकदा एका गावात एक वैद्य होता, तो म्हातारा होता, पण बाकी यातलं काहीच नव्हता. दाढी नव्हती, आणि हसण्याचं तर नावच काढू नका. पण हाताला गुण होता, म्हणून लोक त्याच्या शिव्या खाऊनही यायचे. सगळं गाव त्याला बाबा म्हणायचं.

बाबांच्या परसात एकाच कुळातल्या वनस्पती लावलेल्या होत्या. तुळस, पुदिना, सब्जा, मरवा, ओवापान, आणि बांधावर आपोआप उगवणारा कुंभा. त्यांचा शिष्य रंगनाथ हे कुळ डोळे मिटून ओळखायचा. देठ बोटांत फिरवला की चार कडा लागतात, पान चुरडलं की वास नाकात चढतो, फुलाला वरचा आणि खालचा ओठ असतो. खोकल्याला तुळस, छातीतल्या कफाला ओवापान, पोटातल्या वायूला पुदिना, तापाला कुंभा, अंगातल्या उष्णतेला सब्जा. सात वर्षांत त्याने एकेका पानाचे गुण असे पाठ केले होते, की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. त्यामुळे स्वारीची छाती जरा फुगलेलीच असायची.

तालुक्याला सरकारी दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई एकदा भर बाजारात म्हणाल्या होत्या, "पाला खाऊन बरी व्हायला माणसं काय शेळ्या आहेत?" बाजार खो-खो हसला. तेव्हापासून चार वर्षं बाबा त्या दवाखान्याची पायरी चढले नव्हते, आणि ओसरीवर बसून त्या बाईचा उद्धार केल्याशिवाय त्यांचा एक दिवस जात नव्हता.

एकदा बाबा लेकीकडे गेले आणि औषधं द्यायचं काम प्रथमच एकट्या रंगनाथवर आलं. त्याच दिवशी टोपल्या विणणारी गजराबाई आपल्या सात वर्षांच्या पोरीला, शेवंतीला, घेऊन आली. पोर खोकत होती. रंगनाथने तुळशीचा रस मधातून दिला. दुसऱ्या दिवशी ताप चढला. त्याने ओवापान तव्यावर गरम करून त्याचा रस पाजला. तिसऱ्या दिवशी पोर धापा टाकू लागली. गजराबाई भीतभीत म्हणाली, "भाऊ, हिला दवाखान्यात नेऊ का?"

रंगनाथला ते झोंबलं.

"ताई, बाबांच्या दारातनं रोगी त्या बाईकडे गेला, असं कधी ऐकलंय का? लोक काय म्हणतील? पान बदलून बघू."

पान बदललं. कुंभ्याचा रस झाला, पुदिन्याची वाफ झाली, मरवा झाला. पानं बदलत राहिली आणि पोर सुकत राहिली.

सहाव्या दिवशी बाबा परतले. ओसरीवर पोरीचा श्वास ऐकला आणि खांद्यावरची पिशवी तिथंच टाकली. पोरीचा झगा वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"किती दिवस?"

"सहावा, बाबा. पण आज मरव्याचा काढा जरा दाट केलाय, तो…"

बाबांनी काढ्याचं पातेलं उचललं आणि भिंतीवर भिरकावलं. "दाट केलाय! ऊठ, दुधाचा टेम्पो थांबव! पळ, म्हणतो ना!"

पोरीला स्वतःच्या हातांवर घेऊन म्हातारा दवाखान्याच्या पायऱ्या चढला. डॉक्टरीणबाईंनी पोरीला नळी लावली, सुई टोचली, आणि मग त्या वळल्या.

"सहा दिवस? हिला सहा दिवस कुणी थांबवून ठेवलं?"

रंगनाथ बाबांच्या मागे सरकला. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले.

"मी. चूक माझी. पोरीला वाचवा बाई, मग काय बोलायचं ते बोला."

"बोलणारच आहे! न्यूमोनिया आहे हा. अजून एक दिवस घालवला असता, तर माझ्याही हातात काही उरलं नसतं. तुमच्यासारख्यांना कोंडून घालायला पाहिजे!"

सरपंचालाही पुरतं वाक्य बोलू न देणारे बाबा खाली मान घालून सगळं ऐकत राहिले. ते पाहून रंगनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीची धाप ओसरली आणि ती जगेल, असं बाई म्हणाल्या. बाहेर पायरीवर येताच रंगनाथने तोंड उघडलं.

"बाबा, तुम्ही तर गावातच नव्हता. चूक माझी. मग तिच्यापुढे का वाकलात? आपल्याला शेळ्या म्हणणारी बाई ती…"

"गाढवा!" बाबा असे कडाडले, की रांगेतली माणसं वळून बघू लागली. "अजून तुला शेळ्याच आठवतायत? पोरीच्या बरगड्या नाही आठवत? तुळस कधी म्हणाली होती, की मी सगळं बरं करीन? खोकल्याला ती आराम देते. छातीत पू धरला की ती थांबते. थांबायची तिला लाज नाही, आणि सुईचा हेवाही नाही. हेवा तुझ्या पोटात होता. तो तिथं आला कुठनं? माझ्याकडनं! चार वर्षं मी ओसरीवर बसून गरळ ओकलं आणि तू ते पानांच्या गुणांसारखंच पाठ केलंस. सात वर्षं पान कुठं चालतं ते तुला शिकवलं, कुठं चालत नाही ते एकदाही नाही. म्हणून म्हटलं, चूक माझी. खोटं नाही बोललो. पण तुझी तुझ्याजवळच आहे. ती मी उचलणार नाही. आत जा आणि पोरीच्या आईला तुझ्या तोंडाने सांग."

रंगनाथ आत गेला. गजराबाई पोरीच्या खाटेशी बसली होती. त्याने अडखळत सगळं सांगितलं. माझ्यामुळे उशीर झाला, म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. "मी तिसऱ्या दिवशीच विचारलं होतं."

"हो, ताई."

"तू म्हणालास, लोक काय म्हणतील."

"हो."

"कुठले लोक रे? माझ्या घरात मी आणि ही. दोघीच."

रंगनाथला सात वर्षांत इतकं साधं काही कुणी विचारलं नव्हतं. गजराबाईने खाटेखालचा तांब्या पुढे सरकवला.

"पाणी संपलंय. भरून आण."

त्याने पाणी आणलं, आणि कुणी सांगितलं नसताना पोरीच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. संध्याकाळपर्यंत त्याने एकाही पानाचं नाव काढलं नाही.

औषध देणाऱ्याला एवढंच विचारा, हे कुठं चालत नाही? त्याला सांगता आलं नाही, तर तिथून उठा.