तक्रार नसलेला उतार

फार पूर्वी एका माळावरच्या प्राण्यांची सभा वर्षातून एकदा भरे. येत्या वर्षात सायाळींनी कुणाचा पाणवठा किती दिवस खणून द्यायचा, ते तिथे ठरे. रीत अशी, की ज्या भागाच्या तक्रारी जास्त, त्याला दिवस जास्त.

त्या वर्षी पश्चिमेच्या झाडीतल्या वानरांच्या चाळीस तक्रारी होत्या. पूर्वेच्या उतारावरच्या सशांकडून आणि ओढ्यापलीकडून एकही नव्हती.

"पूर्वेची एकही नाही?" सभापती मुंगूस खूश झाला. "तो म्हातारा ससा तर दरवर्षी पाण्यासाठी डोकं खायचा!"

"घसा बसला असेल त्याचा," एक वानर म्हणाला. सगळे हसले.

पूर्वेचे दिवस वानरांना मिळाले. समाधानी राहिल्याबद्दल सशांच्या अभिनंदनाचा ठराव झाला आणि तो कळवायला टिटवी उडाली. सभा अजून चालू होती, तोच ती परतली.

"काय गं, खूश झाला का म्हातारा?" मुंगसाने विचारलं.

"अण्णा, त्यांचा खड्डा कोरडा पडलाय. बिळांच्या तोंडांवर कोळ्यांची जाळी आहेत. म्हातारा खड्ड्याच्या तळाशी पडलाय. खणून खणून त्याची नखं पार झिजलीत." टिटवी थांबली. "ठराव ऐकायला तिथे कुणीच उरलेलं नाही."

 एक सायाळ हळूच म्हणाली, "ओढ्यापलीकडूनही तक्रार आली नाही ना?"

सभा संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही. सगळे ओढ्याकडे धावत सुटले होते.