टेकावर फुटाणे का नेत नाहीत

ती पिशवी इथंच पायरीशी ठेवा, पाहुणे. फुटाणे आहेत त्यात, वास येतोय मला. सटवाईला नारळ चालतो, खण चालतो, पण एक उष्टावण सोडलं तर अख्खा दाणा हा टेक चढत नाही. चैत्रात इथं जत्रा भरते, पाळणे येतात, खेळण्यांची दुकानं येतात, फुटाण्यांचं दुकान मात्र शोधून सापडायचं नाही. वर गेलात की देवळासमोर एक काळी फरशी दिसेल, मधोमध खळगा पडलेली. तिच्यावर बसू नका, एवढंच सांगणं आहे.

का म्हणून विचारताय? मग बसा. मी इथला गुरव. मला बापानं सांगितलं, त्याला त्याच्या बापानं. खरंखोटं देवीला ठाऊक. पण मधे तोंड घालू नका, माझं डोकं फिरतं.

फार पूर्वी म्हणे खाली गावात रायाजी नावाचा भडभुंजा होता. भट्टीवर वाळू तापवायची, तिच्यात हरभरे भाजायचे आणि फुटाणे विकायचे, हा पिढीजात धंदा. बायको धुरपदा, पलीकडच्या खोऱ्यातली, नाचणीवर वाढलेली. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. सटवाईला नवस बोलले तेव्हा कुठं मुलगा झाला. त्याचं नाव म्हाळू. त्याला दोघांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं.

पोराला खालचे दोन दात आले आणि उष्टावणाची गोष्ट निघाली. पहिला घास कसला द्यायचा यावरून घरात जुंपली.

रायाजी म्हणायचा, "भडभुंज्याचं पोर आहे. पहिला घास माझ्या भट्टीचा. मला बापानं फुटाणाच चोखायला दिला होता, मेलो का मी?"

"दोन दातांनी ते फुटाणे फोडणार होय?" धुरपदा म्हणायची. "माझं लेकरू नाचणीची पेज खाईल."

"पेज म्हणजे निव्वळ पाणी. लुळं पडेल पोर!"

महिनाभर हेच चाललं. गावाला फुकटची करमणूक झाली. पारावरचे लोक रायाजीला चिडवायचे, अरे, त्या पोराला तरी विचारा की! पण मुद्दाम सांगतो, माया दोघांचीही होती. पोर जगावं, धष्टपुष्ट व्हावं, यापलीकडं दोघांना काही नको होतं.

शेवटी उष्टावणाचा दिवस उजाडला. सकाळीच दोघं पोराला घेऊन टेक चढून आले. धुरपदेच्या हातात पेजेचं गाडगं, रायाजीच्या उपरण्याच्या गाठीत फुटाणे. फरशीवर घोंगडी अंथरून म्हाळूला बसवलं. रायाजीनं गाठ सोडली तशी धुरपदेनं त्याचा हात धरला. ओढाताण झाली आणि फुटाणे फरशीभर सांडले. पोर घाबरून रडायला लागलं. त्या वेळचा गुरव, म्हणजे आमचाच पूर्वज, घागर घेऊन झऱ्यावर गेला होता.

आता ऐका. देवीसमोर भांडण नको म्हणून, म्हणे, ती दोघं देवळामागं गेली. तिथं मग जुनं नवं सगळं निघालं. तुझं माहेर, तुमची भट्टी, अकरा वर्षांचे टोमणे. पोराचं रडणं कानावर येत होतं. मग ते थांबलं. धुरपदेला वाटलं, झोपलं असेल. रायाजी म्हणाला, "बघ, गप्प झालं आपोआप." बरं झालं असंच वाटलं दोघांना, आणि ती आणखी भांडत राहिली.

गुरव पाणी घेऊन आला. त्यानं पाहिलं आणि घागर टाकून दिली. म्हाळूच्या मुठीत दोन फुटाणे होते. एक घशात होता. अंग निळं पडलं होतं.

रायाजीनं त्याच दिवशी भट्टीत पाणी ओतलं, असं सांगतात. पुढं तीन वर्षांनी सटवाईनं एक मुलगी दिली. तिला दात आले, ती वर्षाची झाली, दीड वर्षाची झाली, तरी तिच्या तोंडात कुणी घास घालेना. धुरपदा म्हणायची, "तुम्ही सांगा काय द्यायचं ते." रायाजी म्हणायचा, "नको बाई, तूच सांग." भांडण औषधालासुद्धा उरलं नव्हतं. आईचं दूध आटलं. गाईच्या दुधावर पोर किती तग धरणार? बरगड्या दिसायला लागल्या. शेजारीपाजारी बोलून थकले.

एके दिवशी धुरपदेनं मुलीला उचललं आणि टेकाची वाट धरली. रायाजी मागोमाग निघाला. घरातल्या मडक्याच्या तळाशी उरलेले फुटाणे त्यानं बरोबर घेतले. ते पाहून गाव हादरलं, पण अडवायचं धाडस कुणाला झालं नाही. वर आल्यावर तो त्याच फरशीपाशी गुडघ्यावर बसला आणि दगडानं फुटाणे ठेचू लागला. दुपारपर्यंत ठेचत होता, म्हणे. बोटं फुटली. हळदीसारखं मऊ पीठ झालं तेव्हा धुरपदेनं त्यात दूध कालवलं. एक घास त्यानं खाल्ला, एक तिनं खाल्ला, आणि मग दोघांनी मिळून मुलीला भरवला.

तेव्हा दोघंही श्वास रोखून तिच्या तोंडाकडं बघत बसली. ती बराच वेळ गप्प होती. त्या माउलीचं काय झालं असेल, तुम्हीच विचार करा. मग पोरीनं भोकाड पसरलं, आणखी हवं म्हणून. त्या रडण्यावर धुरपदा हंबरडा फोडून रडली. म्हाळू गेल्यापासून पहिल्यांदाच.

ती मुलगी जगली. पण भट्टी पुन्हा पेटली नाही, आणि रायाजी मरेपर्यंत दर अमावास्येला ती फरशी धूत असे.

आजही आमच्याकडं उष्टावणाला बापच फरशीवर दाणे ठेचतो, आई कालवते, आधी दोघं खातात, आणि पोरानं आवाज काढेपर्यंत कुणी बोलत नाही. आजही गावात कुणाचं पोर रडलं तर आम्ही फारसं मनावर घेत नाही. रडतंय ना, मग ठीक आहे. पण रडता रडता एकदम थांबलं, की हातातली भाकरी टाकून अख्खी आळी त्या घराकडं पळत सुटते.