वेलीवरची खार

झाडं बोलायची त्या काळात एका ओढ्याच्या अलीकडे उंबर आणि पलीकडे करंज राहायचा. रानातल्या सगळ्यांचे निरोप पानांवर कोरून त्यांच्या ढोलीत ठेवले जात. एक झाड पडलं तरी निरोप हरवू नये म्हणून दोन्ही ढोलींत सारखीच पानं लागत. ते काम एक खार ओढ्यावरच्या वेलीवरून ये-जा करून सांभाळायची.

एकदा वादळात वेल तुटली. नवी वेल पलीकडे पोचेपर्यंत बरेच दिवस गेले. तोवर करंजाकडे सशाच्या नावाची दोन पानं होती आणि उंबराकडे एकही नव्हतं.

"माझ्याकडे नाहीत, म्हणजे तू ती टाकून दे," उंबर म्हणाला.

"माझ्याकडे आहेत, म्हणजे तूही ठेव," करंज म्हणाला.

खार म्हणाली, "तात्या, अण्णा, ढोलीत काय आहे ते मला दिसतंय. वेल तुटल्यापासून तुम्ही काय केलंत ते सांगा."

उंबर आठवून म्हणाला, "बोरांचा निरोप सशाने वाचला. त्याच्याच सांगण्यावरून मी तो टाकला."

"बगळ्याने परवा नवं पान आणलं, ते मी ठेवलं," करंज म्हणाला.

खारीने करंजाकडचं बोरांचं पान ओढ्यात सोडलं आणि बगळ्याच्या पानाची नक्कल कोरून धापा टाकत उंबराकडे आणली. संध्याकाळी सशाने ती वाचली: 'टेकडीच्या वाटेवर फासा लावलाय.'

"बगळ्याचे फार उपकार झाले," असं म्हणून ससा दुसऱ्या वाटेने घरी गेला.

उंबराने खारीला शोधलं. सशाने पान वाचल्याचं करंजाला सांगायला ती केव्हाच वेलीवरून निघाली होती.