मानकऱ्याच्या बैठकीपर्यंतची दोरी

अहो, हात नका लावू त्या पाळण्याला! पाहुण्यांना हेच सांगून सांगून माझा घसा बसलाय. चाळीस वर्षं या राममंदिराची झाडलोट करतेय मी. तो रामजन्माचा पाळणा आहे. त्याची दोरी एवढी लांब, पार त्या मानकऱ्याच्या बैठकीपर्यंत का, तेही सांगते. बसा खाली.

फार मागे इथे सरगुणा नावाची कलावंतीण होती म्हणे. रामनवमीला रामजन्म झाला की पाळण्यापुढे नाचायचा मान तिचा. त्या वर्षी तिच्या पदरात तीन महिन्यांची पोर होती. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून तिनं पोरीला खांबापाशी निजवलं आणि नाचायला उभी राहिली. पोर रडली. सरगुणाचा पाय समेला चुकला.

रामजन्माला पाळण्याची दोरी ओढायचा मान रघोजी खोतांचा. ते कडाडले, "ते कार्टं बाहेर काढ! नाहीतर घुंगरं सोडून देवापुढे ठेव." एकदा ठेवलेली घुंगरं पुन्हा बांधता येत नसत, म्हणजे नाच कायमचा सुटला. आणि चैत्राच्या उन्हात तान्ही पोर ठेवणार कुठे? सभामंडप भरून बायका बसलेल्या, सगळ्या चार-चार लेकरांच्या आया, पण एकीनं तोंड उघडलं असेल तर शपथ! मला अजून राग येतो त्यांचा.

सरगुणानं पोर उचलली आणि थेट रामाच्या शेजारी पाळण्यात घातली. दोरी खोतांपुढे धरली. "आत्ताच एका बाळाला झुलवलंत ना, खोत? आता दोघांना झुलवा."

खोतांनी दोरी झटकून टाकली. त्यासरशी पखवाज मुका झाला, असं सांगतात. पखवाजी थापेवर थाप मारतोय, पण आवाज म्हणून नाही. दुसरा पखवाज आणला, तोही तसाच. शेवटी घाम पुसत खोतांनी दोरी हातात घेतली. पाळणा हलला आणि पखवाज बोलला. हात थांबला की पुन्हा मुका! सरगुणा मन भरेस्तोवर नाचली आणि खोत तिन्हीसांजेपर्यंत झुलवत बसले.

आजही रामनवमीच्या नाचाला तान्ही लेकरं आतच असतात. कुणी "पोर बाहेर न्या" म्हणालं, की त्याला खोतांच्या त्या बैठकीवर बसवून दोरी हातात देतात, म्हणून तर ती एवढी लांब.

मघाशी या मुलीला बाळ घेऊन बाहेर जा म्हणालात ते तुम्हीच ना, चष्मेवाले? आज रामनवमीला तीच नाचणार आहे. या, बसा बैठकीवर. बाळ पाळण्यात घातलंय, ओढा दोरी.